शीतगृहातले उणे सहा

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षांच्या एका शीतगृहात घडले. शीतगृह कुणाचे, तापमान राखणारे यंत्र कुणी पुरवले, हे कळेल असे तपशील मी काढून टाकले आहेत. त्या यंत्राचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा प्रोग्राम, पुण्यातली आमची टीम सांभाळत होती, आणि ज्या ओळीने घोटाळा केला तिचा रिव्ह्यू मीच करून ती मंजूर केली होती.

निर्यातीची द्राक्षे तोडून आली की आधी प्री-कूलिंगला जातात, मग पेट्या भरून शीतगृहात. तिथे खोली शून्य अंशाच्या आसपास धरावी लागते. तापमान वर चढले तर मण्यांवर पाणी धरते. पेटीत ठेवलेल्या सल्फर डायऑक्साइडच्या पॅडला ती ओल लागली की वायू एकदम सुटतो आणि मणी पांढुरके पडतात. उलट शून्याखाली दोन-तीन अंश गेले की देठ आणि मणी गोठण्याची भीती. म्हणजे दोन्हीकडून वाट अरुंद.

आमच्या यंत्रात तापमानाचा सेन्सर आयटूसी बसवर, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या जोडणीवर, होता. त्याचा आकडा स्क्रीनपर्यंत पोचायला बरेच थर ओलांडतो. सगळ्यात खाली चिप बनवणाऱ्यांकडून आलेला बस कंट्रोलरचा ड्रायव्हर. त्यावर लिनक्सचा आयटूसी कोअर, सगळ्या आयटूसी ड्रायव्हरांचा सामायिक भाग. त्यावर आम्ही लिहिलेला सेन्सर ड्रायव्हर, जो तापमान सिसएफएसमधल्या (लिनक्स डिव्हाइसची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो त्या जागेतल्या) एका फाइलीत अंशाच्या हजाराव्या भागात मांडतो. सगळ्यात वर कंट्रोल प्रोग्राम. तो दर पाच सेकंदांनी ती फाइल वाचतो आणि त्यावरून कॉम्प्रेसर आणि लिक्विड लाइनचा सोलेनॉइड वाल्व्ह (थंड करणारा द्रव सोडणारी विजेवरची झडप) चालू-बंद करतो.

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, एरर वर पाठवायची रीत साधी आहे. फंक्शनने शून्य किंवा धन आकडा दिला तर काम झाले. ऋण आकडा दिला तर बिघाड, आणि कोणता बिघाड ते त्या आकड्यावरून ओळखायचे. उणे ५ म्हणजे ईआयओ, इनपुट-आउटपुटमध्ये काहीतरी चुकले. उणे ६ म्हणजे ईएनएक्सआयओ, त्या पत्त्यावर कुणी उत्तरच देत नाही. उणे ११ ईएगेन, पुन्हा करून बघा. उणे ११० ईटाइम्डआउट, वेळ संपली. एकाच इंटमधून (पूर्णांकाच्या व्हेरिएबलमधून) कधी माहिती येते, कधी बिघाड. ही रीत सुटसुटीत आहे आणि वेगवान आहे, पण एका अटीवर: प्रत्येक थराने तो आकडा पूर्ण रुंदीचा ठेवायचा आणि वापरण्याआधी त्याचे चिन्ह बघायचे.

अडचण

फेब्रुवारीतली रात्र. साडेदहाच्या सुमाराला एका खोलीचा ‘अति थंड’ अलार्म वाजला, स्क्रीनवर उणे ६. कंट्रोल प्रोग्रामने वाल्व्ह बंद केला. ऑपरेटरने भिंतीवर लावलेल्या सूचनेप्रमाणे मशीन बंदच ठेवले आणि दार थोडे उघडून दिले. त्याच्यासमोर जी माहिती होती तिच्यावरून त्याने अगदी बरोबर केले.

दोनच्या सुमाराला तो आत गेला आणि त्याने फोन फिरवला. तो फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. “साहेब, स्क्रीन मायनस सहा दाखवतीय, पण आत गेलो तर थंडीच वाजंना.” मी विचारले, “भाऊ, आत भिंतीवर साधा थर्मामीटर आहे का?” होता. त्यावर साडेपाच होते. अधिक साडेपाच.

यंत्र मॅन्युअलवर टाकून कॉम्प्रेसर चालू करायला सांगितले. पहाटेपर्यंत खोली जागेवर आली, पण तोवर दाराजवळच्या थप्प्यांतल्या पेट्यांना पाणी सुटले होते. त्या पेट्या निर्यातीतून बाजूला काढून स्थानिक बाजारात द्याव्या लागल्या. ज्याने वर्षभर बाग जपली त्याच्या मालाची ही अवस्था आमच्या एका व्हेरिएबलमुळे झाली, हे अजूनही मनातून जात नाही.

शोध

सकाळी सर्व्हिसचा माणूस पोचला. सेन्सरच्या कनेक्टरमध्ये दव साचून पाणी झाले होते. त्याने कनेक्टर पुसला, सेन्सरही बदलला, आकडे ठीक यायला लागले. तिकिटावर ‘सेन्सर खराब’ असे लिहून ते बंद होणार होते. खोटेही नव्हते ते. पण सेन्सरची वायर सुटली तर यंत्राने ‘वायर सुटली’ म्हणायला हवे. त्याने उणे ६ का म्हणावे?

रात्रीचा ग्राफ उघडला. शीतगृहाचा ग्राफ कधी सरळ नसतो. कॉम्प्रेसर लागतो, थांबतो, डीफ्रॉस्ट होतो (साचलेला बर्फ वितळवला जातो), दार उघडते. रेघ सतत करवतीच्या दातांसारखी वर-खाली होते. इथे साडेदहापासून पट्टीने ओढल्यासारखी रेघ होती. साडेतीन तास, दार उघडे असताना, एका अंशाचाही फरक नाही. असे खोलीचे तापमान वागत नाही.

खरा धागा मात्र टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलीला सापडला. तिने त्याच खोलीचे आदल्या हंगामाचे लॉग काढले. त्यातही दोनदा अशीच सपाट रेघ होती, प्रत्येक वेळी काही मिनिटांची. पण ती उणे ५ वर होती. मधल्या काळात काय बदलले? खोली तीच, सेन्सर तोच, केबल तीच. बदलला होता कर्नल. नव्या आवृत्तीत बस कंट्रोलरचा ड्रायव्हर सुधारला होता: सेन्सरने पत्त्याला उत्तर दिले नाही तर तो आधी ईआयओ द्यायचा, आता ईएनएक्सआयओ देत होता. बदल योग्यच होता. ईआयओ फार मोघम आहे, शक्य तिथे नेमका कोड द्या, असेच कर्नलची आयटूसीबद्दलची मार्गदर्शिका सांगते. खालचा थर अधिक नेमके बोलायला लागला आणि वरचे ‘तापमान’ एक अंशाने उतरले.

त्यानंतर टेबलावर यंत्र ठेवून चालू कनेक्टर ओढून काढला. फाइल वाचली. उणे ६०००.

आमच्या ड्रायव्हरमधली ती ओळ दिसायला निरुपद्रवी होती. उजव्या बाजूला सेन्सरचा एक बाइट वाचणारे कोअरचे फंक्शन. ते ३२ बिटांचा आकडा देते: ० ते २५५ असेल तर बाइट, ऋण असेल तर एरर. डाव्या बाजूला आमचे ८ बिटांचे, ऋण-धन दोन्ही मावणारे व्हेरिएबल, कारण सेन्सर पूर्ण अंश त्याच रूपात देतो. ३२ बिटांतले उणे ६ आठ बिटांत कोंबले की शेवटचा बाइट उरतो, हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) एफए, आणि ८ बिटांत एफएचा अर्थ पुन्हा उणे ६ च. त्याला १००० ने गुणून आम्ही फाइलीत लिहिले. एरर कोड जसाच्या तसा अंश सेल्सिअस झाला.

कंपाइलर गप्प राहिला, कारण रुंदी कमी होण्याबद्दलची वॉर्निंग कर्नलच्या नेहमीच्या बिल्डमध्ये बंद असते. निकाल दुर्लक्षिला तर ओरडणारी सोयही इथे कामाची नव्हती. आम्ही निकाल दुर्लक्षित केला नव्हता, तो वापरला होता.

कंट्रोल प्रोग्रामात उणे ४० ते अधिक ६० बाहेरचे आकडे टाकून द्यायची चाळणी होती. त्यामुळे उणे ११० चा टाइमआउट आजवर कधी दिसला नाही. तो चाळणीत अडकायचा. एररच्या यादीतले लहान आकडे मात्र आरपार जात होते. सुन्न व्हायला झाले ते यादी पुढे वाचताना: उणे १९ म्हणजे ईएनओडीईव्ही, डिव्हाइसच नाही. मासळीच्या फ्रीझर रूममध्ये उणे १९ हा कुणालाही शंका येणार नाही असा आकडा आहे.

पर्याय

पहिला सूर होता, कंट्रोल प्रोग्रामात आजच उणे ५ आणि उणे ६ नाकारावेत. हंगाम चालू, यंत्रे ठिकठिकाणी बसलेली, आणि प्रोग्राम दुरून बदलता येतो. कर्नल बदलायला माणूस पाठवावा लागतो. मोह मोठा होता. पण आमची काही यंत्रे गोठवलेल्या मालाच्या खोल्यांवरही होती. तिथे डीफ्रॉस्टच्या वेळी खरेच उणे ६ होऊ शकते. खरे तापमान नाकारायचे म्हणजे तोच गुन्हा उलट्या दिशेने करायचा.

दुसरी सूचना अनुभवी सहकाऱ्याची होती आणि तिच्यावर सगळ्यात जास्त वाद झाला. आयटूसी कोअर ईएगेन आला तर, बस ड्रायव्हरने ठरवून दिलेल्या संख्येइतके, स्वतःहून पुन्हा प्रयत्न करतो. बाकी कुठल्याही कोडला करत नाही. मग बस ड्रायव्हरमध्येच ईएनएक्सआयओचा ईएगेन करावा. क्षणभर संपर्क तुटला तर फुकटात रिट्राय मिळेल. एका ओळीचा बदल होता, आणि दमट कनेक्टरच्या किरकोळ झटक्यांवर तो चाललाही असता. पण ईएगेनचा अर्थ बसवर दुसऱ्याची बोली आधी लागली, थोड्या वेळाने या. जिथे कुणी नाहीच तिथे ‘थोड्या वेळाने या’ अशी पाटी लावायची, आणि वरच्या प्रत्येक थराने ती खरी मानायची. त्याच बसवर घड्याळाची चिपही होती; तिच्या ड्रायव्हरलाही हीच पाटी दिसली असती. मी विरोध केला. रिट्राय हवा तर तो सेन्सर ड्रायव्हरमध्ये, उघडपणे, मोजून करावा.

तिसरा मार्ग: सेन्सर ड्रायव्हरमध्ये निकाल इंटमध्ये घ्यायचा, ऋण असेल तर पुढची आकडेमोड न करता तोच कोड वर द्यायचा. यावर कुणाचे दुमत नव्हते. प्रश्न एवढाच की वर देताना सगळ्याचा ईआयओ करावा की मूळ कोड तसाच जाऊ द्यावा. ‘वरच्या प्रोग्रामला काय, बिघाड तो बिघाड’ असे म्हणणारे दोघे होते. त्यांना मी मध्यरात्रीच्या ऑपरेटरचे उदाहरण दिले. ईएनएक्सआयओ आला तर त्याला सांगायचे, कनेक्टर बघ. टाइमआउट आला तर बस अडकली आहे, त्यावर उपाय वेगळा: क्लॉकचे नऊ ठोके देऊन अडकलेली चिप मोकळी करायची, तेवढ्याने भागले नाही तर कंट्रोल बॉक्सचा सप्लाय बंद करून चालू करायचा. दोन्हींचा ईआयओ केला तर त्या माणसाच्या हाती फक्त ‘बिघाड’ हा शब्द येतो.

काय केले

ड्रायव्हरचा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, अर्ध्या तासात झाला. टेबलावर कनेक्टर ओढला, फाइल वाचली, आणि ‘नो सच डिव्हाइस ऑर अ‍ॅड्रेस’ असे उत्तर आले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

मग कुणीतरी स्क्रीनकडे पाहिले. स्क्रीनवर शांतपणे ० अंश होते.

कंट्रोल प्रोग्रामातले वाचणारे फंक्शन असे होते: वाचन फसले तर शेवटची चांगली किंमत परत द्या. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता, एखाद्या हुकलेल्या वाचनाने कॉम्प्रेसर फडफडू नये. पण ‘शेवटची’ किती जुनी चालेल याला मर्यादा नव्हती. म्हणजे आमचा पॅच एकटा गेला असता तर कनेक्टर सुटल्यावर यंत्र रात्रभर ० दाखवत राहिले असते, अलार्म न वाजवता. आधीचे उणे ६ निदान ओरडत तरी होते. खालच्या थराने खरे बोलायला सुरुवात केली आणि वरच्या थराने ते गिळले, तर यंत्र आधीपेक्षा धोकादायक होते. हे मला त्या दिवशी टेबलावर कळले, रिव्ह्यूमध्ये नाही.

म्हणून आम्ही पॅच अडवला. दोन्ही थर एकत्रच जातील असे ठरवले, त्यासाठी नऊ दिवस घेतले. तेवढे दिवस प्रत्येक शीतगृहाला फोन करून एकच सूचना दिली: स्क्रीनवरचा आकडा आणि भिंतीवरचा थर्मामीटर दर दोन तासांनी ताडून वहीत लिहा, फरक दिसला तर मॅन्युअल.

नव्या कंट्रोल प्रोग्रामात जुनी किंमत एक मिनिटच चालते. त्यानंतर खोली ‘सेन्सर नाही’ या वेगळ्या अवस्थेत जाते. तिथे आकड्याच्या जागी रेघा दिसतात, कोडप्रमाणे मराठीत संदेश येतो, आणि कॉम्प्रेसर आधीच्या काही तासांत सरासरी जितका वेळ चालला त्याच प्रमाणात वेळेवर चालतो. सेन्सर गेला तरी खोली अंदाजाने राखायची ही पद्धत रेफ्रिजरेशनच्या चांगल्या कंट्रोलरमध्ये पूर्वीपासून आहे. आम्ही ती उशिरा घेतली.

याच कामात आणखी एक गोष्ट हाती लागली. बस मोकळी करणाऱ्या आमच्या मदतनीस फंक्शनमध्ये कुणीतरी अपयशाला ‘रिटर्न मायनस वन’ लिहिले होते. कर्नलच्या बाहेर चालणाऱ्या (युजर स्पेस) बऱ्याच लायब्ररींमध्ये ते चालते. कर्नलमध्ये उणे १ हा रिकामा आकडा नाही. तो ईपर्म आहे, परवानगी नाही. त्यामुळे मागच्या वर्षी एका ठिकाणी ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ दिसले आणि सर्व्हिसवाल्यांनी दोन दिवस फाइलींच्या परवानग्या तपासल्या होत्या.

परिणाम

दोन्ही बदल हंगाम संपायच्या आत सगळ्या यंत्रांवर गेले. एप्रिलमध्ये त्याच शीतगृहातल्या दुसऱ्या एका खोलीचा कनेक्टर दमटला. स्क्रीनवर रेघा आल्या, संदेश आला, ऑपरेटरने कनेक्टर पुसून घट्ट बसवला आणि सकाळी आम्हाला कळवले. रात्री फोन आला नाही.

आमच्या रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) हीच चूक आणखी कुठे आहे ते शोधले. दाबाच्या सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये सापडली. तिथे व्हेरिएबल ८ बिटांचेच पण फक्त धन होते, म्हणून उणे ६ चे २५० झाले असते आणि दाबाचा आकडा चढलेला दिसला असता. तो अजून कुणाच्या वाट्याला आला नव्हता.

निर्णयाच्या जागा

मागे वळून पाहताना तीन जागी वाट वेगळी असू शकली असती.

पहिली सगळ्यात सुरुवातीची. आम्ही वापरला त्या जातीच्या सेन्सरसाठी लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये तयार ड्रायव्हर आहे आणि तो रेग्मॅप नावाच्या थरावरून वाचतो. रेग्मॅपच्या वाचनात किंमत पॉइंटरमधून (दिलेल्या मेमरीच्या पत्त्यावर) येते आणि निकाल वेगळा परततो. दोघांच्या वाटाच वेगळ्या असल्यामुळे ही चूक तिथे करताच येत नाही. आम्हाला एक छोटी सोय हवी होती म्हणून आम्ही स्वतःचा लिहिला. ती सोय मुख्य ड्रायव्हरमध्ये घालून पॅच वर पाठवायला आठवडे लागले असते, पण तेच करायला हवे होते.

दुसरी, चाचणीची. आमच्या चाचण्यांत सेन्सरला गरम-थंड केले जायचे, आकडे ताडले जायचे. चालू यंत्राचा कनेक्टर मात्र कुणी कधी ओढला नाही. आता प्रत्येक रिलीझला तो ओढला जातो, डेटाची तार सर्किटच्या ग्राउंडला टेकवून बस अडकवली जाते, आणि कर्नलच्या जीपीआयओवाल्या (चिपच्या साध्या पिनांवरून बस चालवणाऱ्या) आयटूसी ड्रायव्हरसोबत येणाऱ्या फॉल्ट इंजेक्टरने, म्हणजे मुद्दाम बिघाड घडवणाऱ्या सोयीने, बसवरचे व्यवहारही मधेच तोडले जातात. स्क्रीनपर्यंत काय पोचते ते बघितल्याशिवाय सही होत नाही.

तिसरी जागा माझ्या मते अजून उघडीच आहे. ते नऊ दिवस. पॅच अडवून लोकांना वहीत आकडे लिहायला सांगणे बरोबर होते का? एका सहकाऱ्याचे म्हणणे होते की ‘दहा मिनिटे आकडा हलला नाही तर अलार्म’ एवढी तात्पुरती तपासणी दुरून त्याच रात्री टाकता आली असती. पूर्ण अंशातच वाचणाऱ्या सेन्सरवर, नीट चाललेल्या खोलीतही आकडा तेवढा वेळ स्थिर राहतो, खोटे अलार्म वाजले असते, आणि लोक अलार्म बंद करून ठेवायला शिकले असते, म्हणून मी नको म्हणालो. आज विचारले तर मी ती तपासणी टाकेन, पण फक्त उणे ५ आणि उणे ६ वर अडकलेल्या रेघेसाठी, आणि वाल्व्हला हात न लावता फक्त ‘थर्मामीटर बघा’ एवढाच संदेश देणारी.

जुन्या लॉगचे काय करायचे हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. द्राक्षांच्या खोल्यांमधल्या सपाट रेघा आम्ही ‘मोजमाप नाही’ म्हणून खुणावल्या आणि ते मालकांना लेखी कळवले. गोठवलेल्या मालाच्या खोल्यांमध्ये मात्र डीफ्रॉस्टच्या जवळपास पाच-सात मिनिटांचे उणे ६ जागोजागी आहेत. त्यांतले कोणते खोलीचे आणि कोणते ईएनएक्सआयओचे, हे आता त्या फाइलींवरून ठरवता येत नाही. तिथे ग्राफवर करडी पट्टी मारून ठेवली आहे.